एक एडिटर तरी हाताला यावा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. खान्देशातील ज्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत जुने संगणक आहेत, तिथे त्यांचे पुढे काय करायचे, हा प्रश्न आता टाळता येण्यासारखा राहिलेला नाही. नवी खरेदी हा एक मार्ग. जुन्या यंत्रांवर लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकणे हा दुसरा आणि खिशाला परवडणारा. मात्र लिनक्स आले की थोड्याच दिवसांत एक साधी अडचण समोर येते. सेटिंगच्या एखाद्या फाइलमध्ये एक ओळ बदलायची असते, पुढ्यात टर्मिनलचा, म्हणजे फक्त आज्ञा टाइप करण्याचा, काळा पडदा असतो आणि त्यात फाइल उघडायची कशी, दुरुस्त करायची कशी, मुख्य म्हणजे तिच्यातून बाहेर पडायचे कसे, हेच ठाऊक नसते.

ज्या कंपनीने माउस आणि खिडक्या घरोघरी पोहोचवल्या, तिलाही ही गरज जाणवली. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘एडिट’ नावाचा, कमांड लाइनवर चालणारा मुक्त स्रोत टेक्स्ट एडिटर जाहीर केला. त्याचा आकार २५० केबीपेक्षाही कमी. १९९१ मध्ये एमएस-डॉस ५ सोबत आलेला निळ्या पडद्याचा ‘एडिट’ पन्नाशीच्या प्राध्यापकांना आठवत असेल. ६४-बिट विंडोजमध्ये तो उरला नव्हता आणि त्या जागी दुसरे काही दिलेही नव्हते. ती रिकामी जागा भरायला एवढी वर्षे गेली. कमांड लाइन ही जुनीपुराणी गोष्ट असून ती हळूहळू नाहीशी होणार, असे मानणाऱ्यांनी या घटनेची नोंद घ्यायला हवी.

आमचे म्हणणे मर्यादित आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील संगणकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला, पदवी वा पदविका हाती पडण्याआधी, टर्मिनलमधला एक एडिटर सहज वापरता आला पाहिजे. एकच पुरे, पण तो हाताला बसलेला असावा.

याची गरज कुठे पडते, ते आधी पाहू. संकेतस्थळे आणि ॲप यांच्या मागे राबणाऱ्या संगणकांपैकी बहुतेकांवर लिनक्स चालते आणि त्यांना पडदा, माउस, खिडक्या असे काही जोडलेलेच नसते. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० संगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालते आहे. ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आपले क्लाउड केंद्र सुरू केले. तिथे भाड्याने घेतलेल्या यंत्रावर शिरपूर किंवा भुसावळमध्ये बसून काम करता येते आणि त्यासाठी एसएसएच ही सुरक्षित जोडणी पुरते. या जोडणीतून फक्त अक्षरे ये-जा करतात, त्यामुळे मोबाइलच्या कमजोर नेटवरही काम अडत नाही. अशा यंत्रावरची फाइल बदलायची तर तिथल्या तिथे, टर्मिनलमध्येच एडिटर उघडावा लागतो. नोकरीच्या पहिल्या महिन्यात नवख्या अभियंत्यावर जी कामे सोपवली जातात, त्यांत हे असतेच.

खान्देशात हा विषय शिकवला जात नाही, असे नाही. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि बांभोरी, धुळे येथे महाविद्यालये उभी राहिली. १९९० मध्ये जळगावला विद्यापीठ आले. २०१८ पासून ते कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखले जाते. राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या पदविका अभ्यासक्रमात ऑपरेटिंग सिस्टिम या विषयाला व्हीआय एडिटरचे प्रात्यक्षिक आहे. तरीही बहुतेक विद्यार्थी टर्मिनलला बिचकतात, कारण प्रात्यक्षिक जर्नलमध्ये पूर्ण होते, हातात नाही. आज्ञांचा तक्ता सुबक अक्षरात उतरवलेला असतो, त्याखाली सही असते, ‘सेव्ह करून बाहेर पडण्याची आज्ञा कोणती’ या तोंडी प्रश्नाचे उत्तरही पाठ असते. पुढे गिट ही कोडच्या आवृत्त्या सांभाळणारी प्रणाली वापरताना अचानक व्हीआय उघडला की तोच विद्यार्थी टर्मिनलची खिडकी बंद करून मोकळा होतो.

यात दोष सगळा विद्यार्थ्यांचा नाही. व्हीआय विचित्र का वाटतो, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. केन टॉम्प्सन यांनी १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये युनिक्ससाठी ‘ईडी’ हा एडिटर लिहिला, तेव्हा पडदेच दुर्मीळ होते. टेलिटाइप यंत्र कागदावर ओळ छापायचे, आणि एडिटरही एका वेळी एका ओळीपुरताच विचार करायचा. १९७६ मध्ये बर्कली येथील विद्यार्थी बिल जॉय यांनी पूर्ण पडद्यावर मजकूर दाखवणारा व्हीआय लिहिला. घरून काम करताना त्यांच्या मॉडेमचा वेग होता ३०० बॉड, म्हणजे सेकंदाला जेमतेम तीस अक्षरे. ८० अक्षरांच्या २४ ओळींचा पडदा एकदा नव्याने भरायचा तर मिनिटाहून अधिक वेळ लागणार. अशा स्थितीत दर वेळी मेनू दाखवणे परवडणारे नव्हते. म्हणून एका अक्षरात एक काम, अशी काटकसरीची भाषा तयार झाली. ‘डीडी’ म्हटले की ओळ गेली, ‘यू’ म्हटले की ती परत आली. एच, जे, के, एल या कळांनी कर्सर हलतो, कारण त्यांच्या एडीएम-३ए टर्मिनलवर बाणांची चिन्हे याच कळांवर छापलेली होती.

अक्षरांच्या कळांनाच आज्ञा केल्यावर मजकूर टाइप कसा करायचा? त्यासाठी व्हीआयमध्ये दोन अवस्था आल्या, एक आज्ञांची आणि दुसरी लेखनाची. ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये असताना कितीही रेस केला तरी जागचा हलत नाही. आधी गिअर टाकावा लागतो. व्हीआयमध्ये ‘आय’ ही कळ दाबणे म्हणजे लेखनाचा गिअर टाकणे आणि ‘एस्केप’ दाबणे म्हणजे पुन्हा न्यूट्रलवर येणे. एवढे कळले की निम्मी भीती जाते. डच प्रोग्रामर ब्रॅम मूलेनार यांनी १९९१ मध्ये ‘व्हिम’ हे व्हीआयचे सुधारित रूप प्रसिद्ध केले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये निधन होईपर्यंत ते त्यावर काम करत राहिले. व्हिम आवडले तर युगांडातील गरजू मुलांसाठी देणगी द्या, अशी विनंती त्यांनी या मोफत सॉफ्टवेअरमध्येच घालून ठेवली आहे.

इतिहास समजून घ्यावा, पण सुरुवात व्हीआयपासूनच करावी, असा आग्रह धरू नये. पहिला एडिटर सोपा हवा. लिनक्सवर तो मान ‘नॅनो’चा. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या ‘पाइन’ या ईमेल प्रोग्रामसोबत ‘पिको’ नावाचा एडिटर येत असे. त्याच्या परवान्याच्या अटी मुक्त सॉफ्टवेअरच्या चौकटीत बसत नव्हत्या, म्हणून ख्रिस ॲलेग्रेटा यांनी १९९९ मध्ये त्याला पर्याय लिहायला घेतला, तोच नॅनो.

उबुंटू या लिनक्सच्या प्रकारावर नॅनो बहुधा आधीच असतो. नसेल तर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल नॅनो’ ही एक आज्ञा पुरते. विंडोजवर ‘विंगेट इन्स्टॉल मायक्रोसॉफ्ट डॉट एडिट’ म्हटले की एडिट येतो. ‘डब्ल्यूएसएल’ या आज्ञेपुढे दोन आडव्या रेघा आणि ‘इन्स्टॉल’ लिहिले तर विंडोजच्या आतच उबुंटू मिळते. (आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत, टाइप करताना त्या रोमन लिपीत द्यायच्या.) फाइल उघडायची तर ‘नॅनो’ लिहून, मोकळी जागा सोडून फाइलचे नाव. मग सरळ टाइप करायला लागायचे. खालच्या दोन ओळींत आज्ञा सतत दिसत राहतात. तिथली छोटी टोपी म्हणजे कंट्रोलची कळ. कंट्रोल-ओ ने मजकूर साठवायचा, कंट्रोल-डब्ल्यू ने शोधायचा, कंट्रोल-के ने ओळ कापायची, कंट्रोल-यू ने ती दुसरीकडे चिकटवायची आणि कंट्रोल-एक्स ने बाहेर पडायचे. एका तासात हे कोणालाही येते.

नॅनो हाताला बसला की व्हीआयच्या मोजक्या आज्ञा शिकाव्यात, कारण अनोळखी सर्व्हरवर नॅनो असेलच याची खात्री नसते. युनिक्स घराण्याच्या जवळपास प्रत्येक यंत्रणेत व्हीआय किंवा त्याचा एखादा भाऊबंद असतो. ‘आय’ ने लेखन, ‘एस्केप’ ने परत, ‘डीडी’ ने ओळ काढणे, ‘यू’ ने चूक मागे घेणे, तिरकी रेघ देऊन शब्द शोधणे, कोलन-डब्ल्यूक्यू ने साठवून बाहेर आणि कोलन-क्यू पुढे उद्गारचिन्ह देऊन काहीही न साठवता बाहेर. संकटातून निभावायला एवढी शिदोरी पुरे. ज्याला गोडी लागेल त्याने ‘व्हिमट्यूटर’ चालवावा. व्हिमसोबतच येणारा हा अर्ध्या तासाचा पाठ वाचण्यासाठी नसून करून पाहण्यासाठी लिहिलेला आहे.

एडिटरसोबत काही शिस्तही शिकवायला हवी, आणि आपल्याकडे नेमकी तीच सुटते. यंत्रणेच्या फाइलला हात लावण्याआधी ‘सीपी’ आज्ञेने तिची प्रत काढून ठेवावी. ‘सुडो’, म्हणजे प्रशासकाचे अधिकार, लावून एडिटर उघडला की तो काहीही बदलू शकतो, त्यामुळे गरज असेल तेव्हाच तो लावावा. वापरकर्त्यांच्या अधिकारांची ‘सुडोअर्स’ ही फाइल थेट कधीच उघडू नये. तिच्यासाठी ‘व्हिसुडो’ ही वेगळी आज्ञा आहे, आणि ती साठवण्यापूर्वी व्याकरण तपासते. त्या फाइलमधल्या एका चुकीच्या चिन्हाने प्रशासकालाच दाराबाहेर राहायची वेळ येऊ शकते. गिटला आपला आवडता एडिटर कोणता, हे एकदा सांगून ठेवता येते. मग व्हीआय अचानक उघडण्याचा प्रसंगच येत नाही.

वीज आणि नेट यांचा भरवसा नसलेल्या भागात आणखी एक गोष्ट कामाची आहे. व्हिम उघड्या फाइलशेजारी एक तात्पुरती ‘स्वॅप’ फाइल ठेवतो. दोनशे अक्षरे टाइप झाली किंवा चार सेकंद हात थांबला की तो तीत नोंद करतो. मध्येच वीज गेली तरी पुढच्या वेळी ‘रिकव्हर’ म्हणून बहुतेक काम परत मिळते. नॅनोची सोय वेगळी आहे. एसएसएचची जोडणी तुटल्याचे कळले की तो न साठवलेला मजकूर ‘सेव्ह’ असे शेपूट असलेल्या फाइलमध्ये टाकून मगच बंद होतो. मात्र यंत्राचीच वीज गेली तर त्याला तेवढी उसंत मिळत नाही. म्हणून नॅनोवाल्याने कंट्रोल-ओ ची सवय लावून घ्यावी. दूरच्या सर्व्हरवर काम करताना ‘टीमक्स’ हे सत्र जपणारे साधन चालू ठेवले तर नेट गेल्यावरही सत्र तिकडे जिवंत राहते आणि जोडणी परत आली की सोडले तिथून काम पुढे चालू होते.

आता मराठीचा प्रश्न. टर्मिनलमध्ये मराठी लिहिता येते का? येते, पण अजून सुखाने नाही. टर्मिनल पडद्याचे सारखे चौकोन पाडते आणि एका चौकोनात एक अक्षर ठेवते. देवनागरी या हिशेबात बसत नाही. ‘धुळे’ वाचताना आपल्याला दोन अक्षरे दिसतात, युनिकोडच्या दृष्टीने ती चार चिन्हे आहेत आणि यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत त्यांना बारा बाइट लागतात. ‘जळगाव’ची चिन्हे पाच, बाइट पंधरा. उकार, मात्रा, जोडाक्षरे यांना किती जागा द्यायची, याबाबत टर्मिनल आणि एडिटर यांचे एकमत झाले नाही की कर्सर दिसतो एकीकडे आणि अक्षर पुसले जाते दुसरीकडे. कोड आणि सेटिंगच्या फाइलींना याची झळ लागत नाही. लांब मराठी मजकुरासाठी मात्र सध्या खिडक्यांचा साधा एडिटर बरा.

तरीही साध्या मजकुराच्या फाइलीचे मोल मराठीला फार आहे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेले लेख, स्मरणिका, प्रबंध आज उघडले तर फाँटअभावी नुसती चिन्हांची खिचडी दिसते. यूटीएफ-८ मधली साधी फाइल कोणत्याही यंत्रावर, कोणत्याही एडिटरात उघडते. ही पद्धत १९९२ मध्ये रॉब पाईक यांच्यासोबत ज्यांनी तयार केली, ते केन टॉम्प्सनच. त्याच्या तेवीस वर्षे आधी ईडी लिहिणारे. खान्देशापुरते एक काम सुचवता येईल. २०११ च्या जनगणनेत अहिराणीसह खान्देशी गटातील मातृभाषा सांगणारे साडेअठरा लाखांवर होते. अहिराणी लिहिणाऱ्यांसाठी शुद्धलेखन तपासणी हवी असेल, तर ‘हनस्पेल’ या मुक्त प्रणालीची शब्दसूची लागते. ती असते एक साधी टेक्स्ट फाइल. पहिल्या ओळीत शब्दांचा अंदाजे आकडा आणि त्याखाली ओळीला एक शब्द. संगणकाचे आणि मराठीचे विद्यार्थी एकत्र बसले तर महाविद्यालयीन प्रकल्प म्हणून ही सूची उभी राहू शकते. त्यासाठी एडिटर, चिकाटी आणि घरातली वडीलधारी माणसे एवढेच भांडवल हवे.

या सगळ्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की व्हीएस कोडसारखा देखणा एडिटर मोफत असताना हा खटाटोप कशाला? रोजच्या प्रोग्रामिंगसाठी व्हीएस कोड जरूर वापरावा; तो दूरच्या सर्व्हरशीही जोडता येतो. पण त्यासाठी सर्व्हरवर किमान एक जीबी मेमरी लागते. स्वस्तातल्या यंत्रावर, जुन्या संगणकावर किंवा बिघडलेल्या यंत्रणेच्या दुरुस्तीत ती चैन नसते. डेस्कटॉपशिवायचा डेबियन लिनक्स ५१२ एमबी मेमरीतही चालतो आणि नॅनोला त्यातला किरकोळ तुकडा पुरतो. दुसरा आक्षेप कृत्रिम बुद्धिमत्तेचा. आता कोड यंत्रच लिहिणार, मग हाताने फाइल कशाला उघडायची? यातही तथ्य आहे, कष्टाचे बरेच टंकन यंत्राकडे जाणार. परंतु यंत्राने केलेला बदल उघडून वाचणे, चुकलेली ओळ मागे घेणे आणि परिणामाची जबाबदारी घेणे हे माणसाकडेच राहते. कोड लिहून देणारी अनेक नवी साधने तर टर्मिनलमध्येच चालतात.

साधनांची सबबही फारशी टिकत नाही. लॅपटॉप नसलेल्या विद्यार्थ्याच्या हातात बहुधा अँड्रॉइड फोन असतो. त्यावर एफ-ड्रॉइड या मुक्त ॲपच्या भांडारातून ‘टर्मक्स’ हे टर्मिनलचे ॲप घेतले की ‘पीकेजी इन्स्टॉल नॅनो’ किंवा ‘पीकेजी इन्स्टॉल व्हिम’ म्हणता येते. कंट्रोल आणि एस्केपच्या कळा पडद्यावरच मिळतात. छोट्या पडद्यावर डोळे शिणतात हे खरे, पण सरावाला ते पुरेसे आहे. भाषेची अडचण असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्ससह अनेक मुक्त सॉफ्टवेअरचे छोटे ध्वनिचित्र पाठ मराठीत, विनामूल्य आहेत. प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने सुरू झालेला हा प्रकल्प अशाच विद्यार्थ्यांसाठी आहे. एमएस-सीआयटी या संगणक साक्षरतेच्या अभ्यासक्रमाने २००१ पासून महाराष्ट्राच्या गावागावांत माउस आणि ऑफिस पोहोचवले, हे मोठे काम झाले. त्याच्या पुढची पायरी अभियांत्रिकी, बीसीए, बीएस्सी आणि पदविकेच्या वर्गांनी चढायची आहे.

त्यासाठी अभ्यासक्रम बदलण्याची वाट पाहायची गरज नाही. विभागप्रमुखांनी आजच्या चौकटीत एवढे करावे. पहिल्या सत्रात नॅनो किंवा एडिट, तिसऱ्या-चौथ्या सत्रात व्हीआयच्या मोजक्या आज्ञा, आणि त्यानंतरची लिनक्सची सर्व प्रात्यक्षिके टर्मिनलमधूनच. विंडोज १० वाले जुने संगणक भंगारात देण्याआधी त्यांतल्या काहींवर लिनक्स टाकून एक खोली सरावासाठी उघडी ठेवावी. आणि प्रात्यक्षिक परीक्षेत आज्ञांचा तक्ता विचारणे थांबवावे. बाह्य परीक्षकाने मुद्दाम बिघडवलेली सेटिंगची फाइल द्यावी, दहा मिनिटे द्यावीत आणि विद्यार्थ्याने ती शोधून, प्रत काढून, दुरुस्त करून, साठवून बाहेर यावे. जर्नलवर सही त्यानंतर करावी.